एमबीए सीईटीची तयारी

महाराष्ट्रातील एमबीए आणि एमएमएस या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष दरवर्षी संगणकावर परीक्षा घेतो, तीच ही सीईटी. तिच्यासाठी करायच्या अभ्यासाचा आणि सरावाचा येथे विचार केला आहे. हा कक्ष 2015 च्या कायद्यानंतर आला; त्याआधी परीक्षेचे काम तंत्रशिक्षण संचालनालयाकडे होते. मुंबईत 1965 साली सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था, चर्चगेटची सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग ‘पुम्बा’ अशा नावाजलेल्या ठिकाणी राज्यातील मुलांचे प्रवेश प्रामुख्याने याच परीक्षेवर होतात. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे ‘कॅप’मध्ये, मुलाखत नसते आणि गटचर्चाही नसते. त्यामुळे पेपरात गेलेले गुण बोलण्याच्या जोरावर भरून काढायची सोय नाही.

पेपर 150 मिनिटांचा, 200 प्रश्नांचा. तार्किक क्षमतेचे 75, आकृत्यांचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजी भाषा व उताऱ्यांचे 50 प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एका प्रश्नाच्या वाट्याला 45 सेकंद येतात. तयारीचा सगळा आराखडा या एका आकड्यावर उभा करावा लागतो. शिकवणीच्या जाडजूड पुस्तकांत मात्र तो हरवून जातो. प्रश्न अवघड नसतात. निवांत बसवले तर बहुतेक पदवीधरांना ते सुटतात. म्हणून ‘मला येते का’ हे तपासून भागत नाही, ‘मला पाऊण मिनिटात येते का’ हे तपासावे लागते.

सीईटी देणाऱ्यांत आधी कॅट देऊन आलेल्यांचा भरणा मोठा असतो. आयआयएमची ही परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि सीईटी त्यानंतर काही महिन्यांनी. अभ्यासक्रम वरवर सारखाच, म्हणून पुष्कळ जण वेगळी तयारी करतच नाहीत, आणि तिथेच फसतात. 2024 च्या कॅटमध्ये 120 मिनिटांत 68 प्रश्न होते, प्रत्येक विभागाला 40 मिनिटे बांधलेली, बरोबर उत्तराला 3 गुण आणि चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला उणे 1. तिथे चार पर्यायांतून आंधळा तुक्का मारला तर सरासरी हाती शून्य येते: चारातून एकदा 3 मिळतात, तीनदा 1 जातो. एक पर्याय खात्रीने बाद झाला तरच तुक्का फायद्याचा. कॅटने मुलांना अशी सोडण्याची शिस्त लावलेली असते. सीईटीत मात्र उत्तर न देता सोडलेला प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान. पाच पर्याय असले तर 40 प्रश्नांना डोळे मिटून उत्तरे दिली तरी सरासरी 8 गुण पडतात, आणि गुणवत्ता यादीत 8 गुणांनी माणूस कुठल्या कुठे जातो. कॅटचा अभ्यास पायाला उपयोगी पडतो, पण कॅटची सवय मोडावी लागते. त्यासाठी चार-सहा आठवडे निव्वळ सीईटीच्या धाटणीचे पेपर सोडवावेत.

पेपरचा कणा तार्किक विभाग. गोल टेबलाभोवती बसलेली माणसे, नाती, दिशा, सांकेतिक भाषा, निष्कर्ष, यंत्रात शब्द टाकले की टप्प्याटप्प्याने त्यांचा क्रम कसा बदलतो ते ओळखणे हे प्रकार वर्षानुवर्षे फिरून येतात. यातली बैठकव्यवस्था नीट हाताळली तर निम्मी लढाई सरते. समजा, आठ जण टेबलाभोवती बसले आहेत, काही आत तोंड करून, काही बाहेर, आणि त्यावर पाच प्रश्न आहेत. पाच प्रश्नांचा वाटा 3 मिनिटे 45 सेकंद. पहिल्या दीड-दोन मिनिटांत आकृती जमली तर उरलेल्या वेळात पाचही उत्तरे नुसती वाचून काढता येतात. नाही जमली तर तो सेट तिथेच टाकून पुढे जायचे. इथे अडतात ती बहुधा हुशार मुलेच: ‘आता होईलच’ म्हणत सहा मिनिटे घालवतात आणि पुढचे आठ सोपे प्रश्न न वाचलेलेच राहतात. माहिती वाचताना क्रमाने न घेता आधी निश्चित जागा सांगणारे वाक्य शोधावे, ‘अमुकच्या डावीकडे तिसरा’ अशा जोडणाऱ्या वाक्यांकडे नंतर यावे, आणि ‘शेजारी नाही’ ही नकारार्थी वाक्ये शेवटी पडताळणीला ठेवावीत. हा क्रम हातात बसायला रोज तीन-चार सेट महिनाभर सोडवावे लागतात. नुसती उत्तरपत्रिका वाचून तो येत नाही.

आकृत्यांच्या 25 प्रश्नांची भीती अनाठायी आहे. शाळेतल्या स्कॉलरशिपच्या पेपरात ज्यांनी असे प्रश्न सोडवले त्यांना ते ओळखीचे वाटतील. पूर्ण आकृतीकडे न बघता एकच चिन्ह धरावे, ते दर टप्प्याला 90 अंश फिरते की 45, एक कोपरा सरकते की दोन, एवढेच पाहावे आणि न बसणारे पर्याय खोडत जावे. बहुतेक वेळा दुसऱ्या चिन्हापर्यंत जावेच लागत नाही.

गणितात वेग येतो तो पाठांतरातून, आणि हे मान्य करायला इंजिनिअरिंगच्या मुलांना जड जाते. 30 पर्यंतचे वर्ग, 20 पर्यंतचे पाढे, शेकड्यांचे अपूर्णांक तोंडपाठ हवेत. 648 चे 37.5 टक्के विचारले की कागदावर गुणाकार मांडायचा नाही: 37.5 टक्के म्हणजे तीन अष्टमांश, 648 चा आठवा भाग 81, तिप्पट 243. दहा सेकंदांचे काम. टक्केवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, काळ-काम-वेग, सरासरी आणि तक्ते एवढ्यावर हुकूमत आली की हा विभाग बराचसा हाती येतो. क्वचित दिसणाऱ्या प्रकरणांवर आठवडे घालवणे परवडत नाही.

पेपर इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अडचण शब्दसंग्रहापेक्षा वाचनाच्या वेगाची येते, आणि ती भाषेच्या विभागापुरती राहत नाही, तार्किक प्रश्नांची माहिती वाचतानाही वेळ खाते. रोज इंग्रजी दैनिकाचे एक संपादकीय घड्याळ लावून वाचणे आणि त्याचा गोषवारा दोन ओळींत मराठीत सांगून पाहणे हा उपाय साधा आहे, पण त्याला तीन-चार महिने द्यावे लागतात.

मॉक, म्हणजे सरावाचे पूर्ण पेपर, किती दिले यावर अभ्यासिकांत चढाओढ चालते. खरा फायदा मॉकनंतरच्या तासांत असतो. चुकलेले प्रश्न, वेळ खाल्लेले प्रश्न आणि सोपे असून न पाहिलेले प्रश्न यांच्या तीन वेगळ्या याद्या करून त्यांतली तिसरी सर्वांत आधी वाचावी, कारण ते गुण फुकट गेलेले असतात. आठवड्याला दोन मॉक आणि प्रत्येकाचे सावकाश विश्लेषण हे रोज एक मॉक देऊन थकण्यापेक्षा बरे. परीक्षेत शेवटची चार-पाच मिनिटे उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काही ना काही उत्तर देण्यासाठी राखून ठेवायची, आणि मॉकमध्येही हे न चुकता करायचे. घड्याळाच्या ओघात ही मिनिटे विसरली जातात.

परीक्षा अनेक सत्रांत होते. सत्रांची काठिण्यपातळी सारखी नसते, म्हणून गुण समतोल करून निकाल पर्सेंटाइलमध्ये देतात. 99 पर्सेंटाइल म्हणजे 99 टक्के गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी सुमारे 99 टक्के तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आपले सत्र अवघड गेले म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही, ते इतरांनाही अवघडच गेलेले असते.

तयारीचा एक भाग पुस्तकांबाहेरचा आहे आणि तो घरचे लोक सांभाळू शकतात. अधिवास, जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांपैकी जे लागू असेल ते निकालानंतर काढायला धावले तर तहसीलच्या रांगेत कॅपची मुदत निघून जाते; अर्ज भरल्या दिवशीच त्याला लागावे. पसंतीक्रमही आधीच ठरवून ठेवावा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून शेजारच्या मुलाने भरला तो क्रम न उचलता फी, वसतिगृह, हवी ती शाखा आणि मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून यादी करावी, आणि जे कॉलेज मिळाले तरी घ्यायचे नाही ते यादीत घालूच नये.