शिकागोची आग ओ'लिअरींच्या गाईने लावली नव्हती

१८७१ साली शिकागो शहर जळालं. त्यावर मुलांसाठी लिहिलेल्या कथांमध्ये पुष्कळदा एकच प्रसंग येतो: ओ'लिअरीबाई गोठ्यात धार काढतायत, गाय लाथ मारते, कंदील कलंडतो आणि शहर पेटतं. याला कसलाही पुरावा नाही.

८ ऑक्टोबरच्या रात्री आग त्यांच्या गोठ्यात किंवा अगदी जवळ लागली, एवढं बरोबर. पण आपण तेव्हा झोपायला गेलो होतो, असं कॅथरीन ओ'लिअरी यांनी चौकशीत सांगितलं. आगीचं कारण चौकशीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. गाईची गोष्ट मात्र लगेच वर्तमानपत्रांत छापून आली. गरीब, आयरिश, स्थलांतरित बाई; तिच्यावर खापर फोडणं सोपं होतं. शिकागोच्या नगर परिषदेने १९९७ साली त्यांना दोषमुक्त केलं, तेव्हा त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं उलटली होती. हा अन्याय मला फार खुपतो.

शहर जळण्याची खरी कारणं उघड आहेत. पाऊस नव्हता, घरं लाकडाची, फुटपाथसुद्धा लाकडाचे, वारा जोराचा. आदल्या रात्रीच्या मोठ्या आगीने बंबवाले दमलेले, त्यात त्यांना आधी चुकीच्या ठिकाणी धाडलं गेलं. पुढे पाणीपुरवठ्याचं पंपघरच पेटलं. सुमारे ३०० माणसं गेली, एक लाख बेघर झाली.

मुलांच्या कादंबरीतला थरार गाय वगळली तरी कमी होत नाही. पुलांवरची चेंगराचेंगरी, मिशिगन सरोवराच्या पाण्यात उतरून जीव वाचवणारी कुटुंबं, हे काही लेखकाला कल्पनेतून आणावं लागत नाही; वाचलेल्या माणसांनीच ते लिहून ठेवलं आहे.