उकळी फुटली की गॅस बारीक करा की राव
आमच्या कोल्हापुरात रविवारी मटण शिजायला टाकलं की कोणतरी म्हणतंयच, "गॅस मोठा कर, लवकर शिजंल." भावांनो, एकदा खळखळ उकळी फुटली की पाण्याचं तापमान पुढं वाढतच नाही, कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साधारण 550 मीटर उंचावर हाय म्हणून इथं पाणी 98 डिग्रीच्या आसपासच उकळतंय, आणि जादा जाळाची उष्णता वाफ करण्यातच जाते, मटणाला काय उपयोग नाही, उलट रस्सा आटतोय नि बुडाला लागतोय (मग शिव्या मसाल्याला). पाण्यात मीठ टाकलं तर उकळायच्या तापमानात फरक पडतो पण अगदी किरकोळ. कुकरात मात्र खरंच लवकर शिजतं, वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी 120 डिग्रीच्या आसपास जातं. तिथंबी प्रेशर धरलं की गॅस बारीकच.