चाकाची सेंटर कॅप काढताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते. मुंबई-गोवा हायवेने रात्रभर गाडी चालवून आलेले असतात. स्टिअरिंग थरथरतंय, परतीच्या आधी बॅलन्सिंग करून द्या म्हणतात. चाक उतरवलं की पुष्कळदा सेंटर कॅपच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या लोगोच्या झाकणाच्या, कडेने स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे दिसतात आणि तिला धरून ठेवणारे दोन-तीन लॉक तुटलेले असतात. कुणीतरी घाईत केलेलं काम. हे नुकसान सहज टळतं, म्हणून हे पत्रक.

बॅलन्सिंग मशीनचा शाफ्ट चाकाच्या मधल्या भोकातून जातो आणि त्याच भोकात शंकूच्या आकाराचा लोखंडी कोन बसवून चाक आवळावं लागतं. त्यामुळे बॅलन्सिंगला कॅप काढावीच लागते. नुसत्या अलाइनमेंटला सहसा तिला हात लावायचं कारण नसतं.

अलॉय व्हीलची छोटी गोल कॅप पुढून उचकटू नका, मागून ढकला. कॅपच्या मागे प्लास्टिकच्या लॉकचं कडं असतं, काहींत त्याला तारेची रिंगही असते. मागून सारखा जोर लावला की सगळे लॉक एकदम आत दबतात आणि कॅप सुटते. पुढून एका बाजूने पातं घातलं तर सगळा भार जवळच्या एक-दोन लॉकवर येतो आणि ते मोडतात. पातं टेकतं ते अलॉयवर. वरचं लॅकर तिथे फुटलं की आपल्या खाऱ्या हवेत खालचं अॅल्युमिनियम पांढरं पडू लागतं आणि तो डाग लॅकरखालून पसरत जातो. आमच्या दुकानातही सुरुवातीच्या काळात एका गाडीच्या नव्या डायमंड कट (पुढचा भाग मशीनवर कापून चकचकीत केलेल्या) चाकाला असा ओरखडा गेला होता. चूक आमची होती, चाक आम्ही भरून दिलं. त्या दिवसापासून आमच्याकडे सेंटर कॅपला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

घरी करायचं असेल तर आधी चाक गार होऊ द्या आणि नीट धुवा. पावसाळ्यात लाल माती कॅपच्या फटीत इतकी घट्ट बसते की कॅप चिकटवल्यासारखी वाटते, आणि त्यातले वाळूचे कण कॅप सरकताना पॉलिश पेपरसारखे घासतात. साबणाचं कोमट पाणी फटीत सोडून पाच-दहा मिनिटं थांबा. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, उबेने ते थोडं नरम होतं. मग सपाट जागी हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, नट जमिनीवरच थोडे सैल करा, जॅक लावा आणि चाक उतरवा. कॅपखाली एक हात धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मागून कडेकडेने, लॉकजवळ, गोल फिरत दाबा. अंगठा कमी पडला तर हातोडीच्या लाकडी दांड्याला फडकं गुंडाळून त्याने दाबा. ऐन मध्यावर ठोकू नका, लोगो फुगून बाहेर येतो.

कॅपने नटही झाकलेले असतील तर मात्र पुढूनच काढावी लागते. कडेला खाच किंवा बारीक भोक आहे का बघा. काही गाड्यांच्या टूलकिटमध्ये, स्टेपनीजवळ, त्यासाठी तारेचा आकडा असतो. तो अडकवून सरळ स्वतःकडे ओढा. आकडा नसेल तर अलॉयवर मास्किंग टेप लावून प्लास्टिकची ट्रिम पट्टी वापरा, समोरासमोरच्या दोन बाजूंनी थोडं थोडं उचला. इथे एक बारकावा आहे. काही कॅपना दोन फटी दिसतात. आतली फट चिकटवलेल्या लोगोची असते, तिच्यात पट्टी घातली तर नुसता लोगो हातात येतो. पट्टी बाहेरच्या फटीत घाला. स्टीलच्या चाकांवरचे काही व्हीलकप नटांनीच दाबून धरलेले असतात, ते नट खोलल्याशिवाय ओढू नका. आणि जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकात पत्र्याची वाटीसारखी टोपी दिसली तर ती तशीच राहू द्या. तिच्यामागे बेअरिंगचं ग्रीस असतं.

बसवताना भोक पुसून घ्या, लॉक जुळवा आणि दोन्ही तळव्यांनी दाबा, टक् असा आवाज येईपर्यंत. एखादा लॉक तुटला असेल तर कॅप बहुधा टिकते. शेजारशेजारचे दोन गेले असतील तर ती घाटात कुठेतरी उडणार, बदला. फेव्हिक्विकने चिकटवू नका ही कळकळीची विनंती, कारण पुढच्या बॅलन्सिंगला ती फोडूनच काढावी लागते.

आमच्याकडे तुमच्या चारही कॅप काढल्यावर वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो. एखादा लॉक आधीच तुटलेला असेल तर काम सुरू करण्याआधी तुम्हाला दाखवतो. नवी कॅप हवी असेल तर शाबूत असलेली एक कॅप सोबत आणा. पुढचा व्यास आणि मागच्या लॉकचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजावे लागतात. 2 मिलिमीटरचा फरक असला तरी कॅप एकतर बसत नाही, नाहीतर खुळखुळते. मागच्या बाजूला पार्ट नंबर असतो, तो मिळाला तर काम अजून सोपं.