योंगारी : जपानी सूट, कोरियन सीमा

१९६७ हे राक्षसपटांच्या सुगीचं वर्ष. जपानमध्ये तोहो आणि दाइएई या चित्रसंस्थांचे राक्षस जोरात होतेच, त्यात शोचिकू आणि निक्कात्सूही उतरले. दक्षिण कोरियात जूनअखेर कृष्णधवल ‘वांगमाग्वी’ आला आणि १३ ऑगस्टला रंगीत ‘योंगारी’. दिग्दर्शक किम की-दुक, म्हणजे ‘बेअरफूटेड यूथ’वाला. पुढे महोत्सवांत गाजलेला किम की-दुक निराळा.

‘वांगमाग्वी’ घरच्या तंत्रज्ञांनी केला. ‘योंगारी’ने सूट, म्हणजे नटाने अंगात घालायचा राक्षसाचा पोशाख, जपानमधून करून घेतला, दाइएईच्या गामेरा या राक्षसी कासवाचा सूट घडवणाऱ्या मासाओ यागींच्या चमूकडून. १९६५ मध्ये दोन्ही देशांचे संबंध सुरळीत झाले होते, म्हणून हे जमलं. गंमत अशी की जपानी सिनेमा दाखवायला मात्र कोरियात १९९८ पर्यंत बंदीच होती.

पैसा कमी पडला की ते आधी पडझडीच्या वेगात दिसतं. सेटवरची २५ पट लहान इमारत खऱ्या इमारतीच्या एक पंचमांश वेळात कोसळते. तिला वजन यावं म्हणून सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम टिपाव्या लागतात. फिल्म पाचपट खर्ची पडते, प्रकाशही तेवढाच वाढवावा लागतो. तिथे काटकसर केली की भिंती खोक्यांसारख्या धपकन पडतात. आगीचं दुखणं वेगळं : ज्वाळेला लहान करता येत नाही, त्यामुळे छोट्या सेटवर ती हमखास खोटी वाटते. इथे तर राक्षसाच्या जबड्यातली आग सोडणारी नळी सरळ दिसते.

कथा मात्र अस्सल कोरियन. अणुस्फोटाने जागा झालेला योंगारी पन्मुन्जोमजवळ, म्हणजे दोन कोरियांमधल्या ऐन युद्धविराम रेषेवर, जमिनीतून वर येतो आणि दक्षिणेला सोलकडे निघतो. १९५० ची उत्तर कोरियाची चाल अनुभवलेल्या प्रेक्षकाला हा रस्ता समजावून सांगायची गरज नव्हती. योंगारी तेल पितो, अमोनियाने हैराण होतो आणि शेवटी हान नदीत रक्तबंबाळ होऊन मरतो. मध्येच ‘आरिरांग’ या कोरियन लोकगीताच्या रॉक चालीवर नाचतोही, बालप्रेक्षकांसाठी टाकलेला हा तुकडा शेवटाशी अजिबात जुळत नाही, आणि तरीही चित्रपटात सगळ्यात जास्त लक्षात राहतो तोच.

मूळ कोरियन आवृत्ती आज पूर्ण उपलब्ध नाही. १९६९ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी गेलेली इंग्रजी डब आवृत्ती तेवढी सलग टिकली. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर मिळते ती हीच.