मागे घेतलेली बोली: पावणीच्या मांडापासून संगणकापर्यंत

आमच्या फोंड्याकडच्या गावात लिलावाला लिलाव कोणी म्हणत नाही, पावणी म्हणतात. देवापुढे आलेले नारळ, केळीचा घड, एखादा फणस उत्सवाच्या शेवटी मांडावर, म्हणजे सगळे जमतात त्या जागी, काढतात आणि एकजण उभा राहून पुकारतो. मागे एकदा घडाची बोली 1,100 वर गेली होती. कडेला बसलेल्या पोरांतला एक ओरडला, "पंधराशें!" आणि पुकारणारा "एक वार" म्हणतो न म्हणतो तोच हसत म्हणाला, "ना ना, फकाणां केलीं." म्हणजे थट्टा केली. पुकारणाऱ्याने आधीच्या काकांकडे पाहिले. "काका, तुमचे अकराशें आसात मूं?" काका म्हणाले, "ना रे, आतां नाका." पंधराशें ऐकताच त्यांनी घड मनातून सोडला होता आणि खिशातले पैसे पुढच्या नारळांसाठी बाजूला काढले होते. घड पुन्हा 500 पासून पुकारला आणि 750 ला गेला.

त्या पोराची बोली कागदावर राहिलीच नाही. पण तिने काकांना बाजूला केले, देवळाचे 350 रुपये घालवले आणि तिसऱ्याच माणसाला स्वस्तात घड दिला. ऑनलाइन लिलावात एकाने बोली मागे घेतली की बाकीच्यांचे काय होते, हा रद्द बोलीचा सगळा वाद एवढ्यातच आहे, आणि तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे.

1789 साली इंग्लंडच्या न्यायालयात ‘पेन विरुद्ध केव्ह’ हा खटला चालला. लिलावातला माल ऐकून गोव्याच्या माणसाला गंमत वाटेल: दारू गाळताना वाफ थंड करायची नळी आणि तिचे पिंप. आपल्या काजूच्या भट्टीवर लांवणी, म्हणजे वाफ थंड होऊन दारू जमायचे मडके, जे काम करते, साधारण तेच. एका गिऱ्हाईकाने 40 पौंड बोली लावली. नळीच्या वजनाची हमी द्यायला लिलाव करणारा तयार होईना, तेव्हा हातोडा पडायच्या, म्हणजे सौदा पक्का व्हायच्या, आत गिऱ्हाईकाने माल नको म्हणून सांगितले. पुढच्या लिलावात तोच माल 30 पौंडांना गेला आणि मालकाने फरकाच्या 10 पौंडांसाठी दावा लावला.

मालकाच्या वकिलाचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. नवी बोली आली की आधीच्या सगळ्या बोल्या सुटतात, असे तो म्हणाला. मग शेवटच्याला मोकळेपणी मागे जाऊ दिले, तर त्याच्या आधीचा माणूस जेवढे द्यायला तयार होता त्याहूनही कमी किमतीला माल जाईल. म्हणजे आमच्या मांडावरचा घडच! न्यायालयाने मात्र ते मानले नाही. बोली हा नुसता प्रस्ताव. हातोडा पडेपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या.

भारतीय कायद्याने हेच उचलले. 1872 च्या करार कायद्याचे कलम 5 स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव मागे घेऊ देते, आणि 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 64 तर लिलावाचे नाव घेऊन सांगते की हातोडा पडेपर्यंत कोणीही बोली मागे घेऊ शकतो. अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेत आणखी एक वाक्य आहे: बोली मागे घेतली म्हणून आधीची बोली पुन्हा जिवंत होत नाही. आमच्या काकांनी ही संहिता वाचलेली नव्हती, पण वागले तसेच.

संगणकाने नेमके हेच उलटे केले. 1995 मध्ये पियर ओमिड्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, पुढे त्याचे ‘ईबे’ झाले. तिथे तुम्ही आपली कमाल रक्कम गुपचूप सांगून ठेवता आणि तुमच्या वतीने संगणक बोलत राहतो. पडद्यावर दिसणारी किंमत ही पहिल्या क्रमांकाच्या माणसाची कमाल नसते. दुसऱ्या क्रमांकाच्या कमालीवर एक पायरी, एवढीच ती असते. त्यामुळे एक बोली रद्द झाली की संगणक ती कधी आलीच नव्हती असे धरून सगळा हिशेब नव्याने मांडतो. मागे पडलेले बोलीदार न विचारता पुन्हा पुढे येतात.

जुनी नाणी जमवणारे आपल्याकडे बरेच आहेत, म्हणून उदाहरण 1882 च्या चांदीच्या पोर्तुगीज ‘रुपिया’चे घेऊ. रकमा माझ्या, समजण्यापुरत्या. सुरुवात 1,000, पायरी 100. म्हापशाच्या माणसाची कमाल 2,000, मडगावच्याची 3,500, तिसऱ्या कुणा परक्याची 6,000. पडद्यावर किंमत 3,600, परका पुढे. आता परक्याने बोली मागे घेतली. मडगावकर पुन्हा पहिला आणि किंमत धाडकन 2,100 वर. त्याचा फायदाच झाला म्हणाल. पण वास्कोचा एकजण 3,000 पर्यंत द्यायला तयार होता. 3,600 हा आकडा पाहून तो बोली न लावताच निघून गेला. तो असता तर विकणाऱ्याला 3,100 मिळाले असते. न लावलेली बोली संगणकाला मोजता येत नाही, म्हणून वास्कोकराचे नुकसान कुठल्याच नोंदीत दिसत नाही. माझ्या मते रद्द बोलीचा खरा मार बसतो तो अशाच माणसाला.

या फटीतून दोन जुन्या लबाड्या नव्याने शिरल्या. पहिलीत दोघे साथीदार असतात. एक हलकी बोली लावतो, दुसरा लगेच आभाळाएवढी. बाकीचे पळतात, आणि शेवटच्या क्षणी दुसरा आपली काढून घेतो. दुसरी लबाडी विकणाऱ्याच्या बाजूची. वरच्या उदाहरणात परक्याच्या बोलीमुळे 3,600 दिसले, म्हणजे मडगावकराची गुप्त कमाल 3,500 उघडी पडली. आता परका मागे जातो आणि दुसऱ्याच नावाने 3,400 लावतो. मडगावकर जिंकतो खरा, पण पूर्ण 3,500 मोजून. विकणाऱ्याने अशी खोटी बोली लावून भाव चढवला, तर आपल्या कलम 64 प्रमाणे घेणारा सौदा रद्द करू शकतो. अर्थात ती खोटी होती हे आधी सिद्ध करायला हवे, आणि टोपणनावांच्या बाजारात ते सोपे नाही.

म्हणून ईबेने दारे अरुंद केली. रक्कम लिहिताना चूक झाली, मालाचे वर्णन बदलले किंवा विकणाऱ्याशी संपर्कच होईना, एवढीच कारणे चालतात. शेवटच्या 12 तासांत लावलेली बोली तर तासाभरातच मागे घेता येते. आपल्याकडे 2000 साली ‘बाझी’ हे लिलावाचे संकेतस्थळ आले, 2004 मध्ये ईबेने ते घेतले आणि 2018 मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद पडले.

मोठ्या रकमांत दंडच नसला तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाने 1993 मध्ये पाहिले. उपग्रह दूरचित्रवाणीच्या दोन परवान्यांसाठी 21 कोटी 20 लाख आणि 17 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बोल्या आल्या. अनामत नव्हती. जिंकलेल्यांनी पैसे भरले नाहीत, की परवाना खालच्या बोलीकडे जायचा. आणि खालच्या बोल्याही बऱ्याचशा त्यांच्याच! उतरत उतरत परवाने अखेर 11 कोटी 70 लाख आणि 7 कोटी 70 लाखांवर थांबले. अमेरिकेने 1994 मध्ये रेडिओलहरींचे लिलाव सुरू केले, तेव्हा नियमच घातला: बोली मागे घेतलीत आणि परवाना कमी किमतीला गेला, तर फरक तुम्ही भरा. 1789 च्या त्या हरलेल्या मालकाला हवे होते तेच.

आपल्याकडचे उत्तर अनामतीचे. पंचायतीच्या सोपोचा, म्हणजे बाजारकर वसुलीचा, लिलाव घ्या किंवा बँकेने काढलेला पर्वरीचा फ्लॅट, आधी पैसे, मग बोली. 2003 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोली मागे घ्यायचा हक्क आहे, पण बोली कायम ठेवायच्या ठरलेल्या मुदतीत मागे घेतली तर अनामत जप्त करणे हाही वेगळा, वैध करार आहे. बँकेच्या लिलावात जिंकणाऱ्याने 25 टक्के लगेच भरायचे असतात. उरलेले थकवले तर तेही जातात. त्या जप्तीतला एक रुपयाही दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला मिळत नाही. नियमाप्रमाणे मालमत्ता पुन्हा विक्रीला काढतात आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभे राहायचे.

खाणींत प्रकार आणखी वेगळा. 2022 च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या पहिल्या खाणपट्ट्यांचे ई-लिलाव झाले. 2015 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीतली पात्र बोलीदारांची सर्वांत मोठी बोली हीच दुसऱ्या फेरीची किमान किंमत ठरते. एकाने हातचे न राखता आकडा टाकला आणि दुसऱ्या फेरीत तो गप्प बसला, तरी बाकीच्यांना त्याच्याच आकड्यावरून सुरुवात करावी लागते. मांडावर निदान घड 500 वर परत आला होता.