डिकीतला खर्ज

गाडीत सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास वॅटचा निघतो. अँप (आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर) किती वॅटचा, सबवूफर किती वॅट झेपवतो, खोक्यावर छापलेले ‘२००० वॅट मॅक्स’ खरे की खोटे. लाकडी बॉक्सबद्दल मात्र ‘बारा इंचीला बसेल असा द्या’ एवढ्यावर भागवलं जातं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. खर्ज किती खाली जाणार, किती जोरात वाजणार आणि कसा ऐकू येणार, याचा बराचसा निकाल तो बॉक्स आणि त्याला पाडलेलं भोक लावून मोकळे झालेले असतात. वॅटचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

मुळात खर्ज निर्माण करणं हे अवघड काम आहे, आणि त्यात आपले कानही साथ देत नाहीत. १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांचा, सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच वाटण्यासाठी ४० हर्ट्झच्या सुराला ८० डेसिबलच्याही वर जावं लागतं. कानाच्या या पक्षपाताचे आलेख फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यातून वारंवारिता निम्मी झाली, की तेवढाच ध्वनिदाब द्यायला स्पीकरच्या शंकूला (पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हवा ढकलावी लागते. मोकळ्या जागेत ८० हर्ट्झला जो शंकू २ मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्झला ८ आणि २० हर्ट्झला तब्बल ३२ मिलिमीटर हलावं लागेल. एवढी हालचाल बहुतेक सबवूफरना झेपत नाही.

शिवाय शंकू पुढे हवा दाबतो तेव्हा मागे तीच हवा विरळ करतो. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. तिच्यापुढे सबवूफरची कड किस झाड की पत्ती! पुढची दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागच्या विरळ हवेला जाऊन मिळते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. नुसता सबवूफर हातात धरून वाजवला तर तो पोकळ, चिरका वाटतो तो यामुळेच. बॉक्सचं पहिलं काम मागचा आवाज कोंडून ठेवण्याचं. चारी बाजूंनी बंद, सीलबंद बॉक्स एवढंच करतो आणि प्रामाणिकपणे करतो.

पण कोंडलेला आवाज म्हणजे वाया गेलेलं अर्धं काम. तो वापरात कसा आणायचा, हे बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरासने दाखवलं. त्याच्या रचनेला १९३२ मध्ये पेटंट मिळालं. त्यामागचं भौतिकशास्त्र आणखी जुनं, एकोणिसाव्या शतकातल्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘हूं’ असा एकच सूर निघतो. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन, आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. हे वजन त्या स्प्रिंगवर एका ठरावीक वेगानेच झुलू शकतं. पोर्टेड बॉक्स, म्हणजे पोर्ट नावाचं भोक किंवा पाइप असलेला बॉक्स, ही अशीच बाटली असते, फक्त फुंकर घालण्याऐवजी सबवूफरचा शंकू आतून स्प्रिंग दाबत असतो.

गंमत अशी, की बॉक्सच्या नैसर्गिक वारंवारितेला, म्हणजे त्याच्या ट्यूनिंगला, शंकू जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधली हवा जोरात आतबाहेर करते. आवाजाचा मोठा वाटा तेव्हा पोर्टमधून येत असतो. म्हणजे पैसे मोजलेला स्पीकर स्वस्थ बसलाय आणि हवेचा एक अदृश्य स्पीकर राबतोय. मागचा आवाज पोर्टमधून बाहेर पडेपर्यंत उलटा झालेला असतो, त्यामुळे ट्यूनिंगपासून वर तो पुढच्या आवाजात मिसळतो. यातून मिळणारे काही डेसिबल क्षुल्लक नसतात. फक्त ३ डेसिबल वाढवायचे तरी अँपचे वॅट दुप्पट करावे लागतात.

आता हिशेब. ५० लिटरचा बॉक्स घ्या आणि त्याला ३५ हर्ट्झवर लावायचं ठरवा. पोर्टसाठी १० सेंटिमीटर व्यासाचा गोल पाइप वापरला, तर हेल्महोल्ट्झच्या सूत्राने लांबी येते साधारण ३८ सेंटिमीटर. पाइपच्या दोन्ही तोंडांपाशी थोडी बाहेरची हवाही पाइपमधल्या हवेबरोबर हलते. तिच्यासाठी सातेक सेंटिमीटर वजा केले की पाइप कापायचा ३१ सेंटिमीटर. इथवर सोपं. पण मोठ्या आवाजात या पाइपमधून हवा इतक्या वेगाने वाहते, की फस्स-फस्स ऐकू येऊ लागतं. हा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटरच्या आत ठेवावा असा प्रघात आहे. मग पाइप रुंद करा, १५ सेंटिमीटरचा घ्या. आता लांबी लागते ७५ सेंटिमीटर! एवढा पाइप बॉक्समध्ये मावतच नाही. म्हणून बहुतेक बॉक्समध्ये एका भिंतीलगत चपटा, आत जाऊन वळलेला पोर्ट दिसतो. ती लांबी मावण्यासाठी केलेली घडी असते. आणखी खाली जायचं असेल तर सूत्र आणखी निर्दय होतं. ट्यूनिंग निम्मं करायला पोर्टची लांबी चौपट लागते.

आणि हे ५० लिटर म्हणजे बॉक्स तयार झाल्यावर आत खरोखर उरलेली हवा. सबवूफरच्या चुंबकाने, पोर्टने, आतल्या आडव्या पट्ट्यांनी अडवलेली जागा आधीच वजा झालेली हवी. सुतारकामात इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो. बाहेरून मापं घेतली, १८ मिलिमीटर एमडीएफची जाडी विसरली, की ठरवलेलं ट्यूनिंग राहतं कागदावर. पाइपचं आतलं तोंड आणि समोरची भिंत यांच्यात निदान पाइपच्या व्यासाइतकी मोकळी जागा लागते, हेही पुष्कळदा राहून जातं. सांध्यातून हवा गळत असेल तर पोर्टचा जोर तिथेच मरतो.

कुठल्या सबवूफरला केवढा बॉक्स द्यायचा, हे एके काळी अंदाजाने आणि करवतीने ठरायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी हे काम गणितात बसवलं. सबवूफरबरोबर येणाऱ्या कागदावर एफएस (सबवूफरची स्वतःची नैसर्गिक वारंवारिता), क्यूटीएस (शंकूचं झुलणं किती आवरलं जातं), व्हीएएस (शंकूइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये) असले आकडे असतात ते त्यांचेच. ते कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये घातले की बॉक्सचा आलेख समोर येतो. झटपट अंदाजासाठी एफएसला त्याच कागदावरच्या क्यूईएसने (कॉइल आणि चुंबकामुळे झुलणं किती आवरतं त्याचा आकडा) भागावं. उत्तर १००च्या आसपास आलं तर सबवूफर पोर्टेडला राजी, ५०च्या खाली आलं तर त्याला सीलबंदच बरा. हा कागद न वाचता बॉक्स बांधणाऱ्याला मोठा अँप काही वाचवू शकत नाही.

पोर्टची एक काळी बाजू आहे. ट्यूनिंगच्या खाली तो दगा देतो. तिथे शंकू आत गेला की पोर्टमधून हवा सरळ बाहेर पडते. आतल्या हवेची स्प्रिंग नाहीशी होते, पुढचा आणि मागचा आवाज पुन्हा एकमेकांना खातात आणि शंकू मोकाट धावू लागतो. सीलबंद बॉक्सचा आवाज खाली दर सप्तकाला (वारंवारिता निम्मी होताना) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टेडचा २४ने. म्हणजे आवाज येत नाही आणि सबवूफर मात्र फाटायला टेकतो. यावर उपाय अँपवरच्या, अगदी खालचे सूर अडवणाऱ्या ‘सबसॉनिक’ फिल्टरचा. तो ट्यूनिंगच्या किंचित खाली लावायचा. ३५च्या बॉक्सला ३० हर्ट्झ ठीक. पोर्टेड बॉक्ससाठी हा फिल्टर ऐच्छिक आहे असं मी मानत नाही.

गाडी स्वतःही या खेळात उतरते. आतली लांबी २.८ मीटर धरली, तर साधारण ६१ हर्ट्झच्या खाली अर्धी लाटसुद्धा आत मावत नाही. मग लाटा उसळण्याऐवजी आख्ख्या केबिनचा दाब एकदम वरखाली होतो आणि खर्ज आपोआप वाढतो, हिशेबाने दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. पत्रे लवतात, फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. सीलबंद बॉक्सची उतरणही १२चीच, म्हणून तो गाडीत अनपेक्षितपणे सपाट, सुबक वाजतो. पोर्टेडमध्ये मात्र आधीच फुगवलेल्या भागावर गाडी आणखी फुगवटा चढवते. ट्यूनिंग ४५-५०वर नेलं की प्रत्येक गाण्यात तोच एक ‘धुम्म’ ऐकू येतो. पुष्कळांना तोच आवडतो, त्याला इलाज नाही. मला विचाराल तर तबल्याच्या डग्ग्याची मींड ओळखू यायला हवी, आणि त्यासाठी ट्यूनिंग ३०-३५च्या घरात बरं.

आता वॅट. गाडीत मुळात असतात १२ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.४. एवढ्यावर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) स्पीकरला अखंड, स्वच्छ अशी जेमतेम २६ वॅट शक्ती देता येते. स्टिरिओवर लिहिलेले ‘५० गुणिले ४’ (चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट) हे कमाल क्षणाचे आकडे. अँपच्या पोटात म्हणूनच आधी व्होल्टेज वाढवणारा विभाग असतो. ५०० वॅट ४ ओहमला द्यायचे तर कमाल व्होल्टेज ६३च्या आसपास लागतं. हीच शक्ती १ ओहमला ३२ व्होल्टमध्ये भागते, म्हणून दोन कॉइलचे (शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांचे) सबवूफर समांतर जोडून ओहम खाली आणतात. पण अँपला झेपणाऱ्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही.

ही सगळी शक्ती बॅटरीतूनच ओढली जाते. डी वर्गाचा (वीज कमी वाया घालवणारा) अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तरी ५०० वॅटसाठी साधारण ४५ अँपिअर लागतात. पाच मीटर लांबीची, ८ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर एवढ्या प्रवाहाला जवळजवळ अर्धा व्होल्ट गिळते, २१ चौरस मिलिमीटरची वायर पाव व्होल्टही गिळत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर घेतली तर जाडी आणखी वाढवायची. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँपसाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आखूड वायरने.

शेवटी अँपवरचा गेन. ही आवाजाची कळ समजून लोक ती शेवटपर्यंत पिळतात. तिचं काम स्टिरिओच्या सिग्नलला अँपशी जुळवण्याचं. सबवूफर सोडवून ठेवा, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश. ४० हर्ट्झचा चाचणी सूर लावून अँपच्या आउटपुटला मल्टिमीटर एसीवर धरा. २ ओहमला ५०० वॅट म्हणजे १००० चं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. तिथे थांबा. पुढे पिळलं तर लाटेची डोकी छाटली जातात. पूर्ण छाटलेली चौकोनी लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते. जळक्या वासाचं मूळ बहुधा इथे असतं.

लो-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याच्या वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे डिकीतला खर्ज डॅशबोर्डवरच्या गाण्याला चिकटून येतो. फेजचा खटका (सबवूफरची पुढेमागे हालचाल उलटी करणारा) दोन्ही बाजूंना करून चालकाच्या जागेवरून ऐका. ज्या बाजूला ढोल भरीव वाटेल ती खरी. बॉक्स ठरल्याप्रमाणे ३५लाच लागलाय का हे बघायचं असेल, तर आवाज कमी ठेवून, सबसॉनिक फिल्टर बंद करून ६०पासून खाली सरकणारा सूर लावा आणि शंकूकडे बघत राहा. हलता हलता तो जिथे जवळजवळ थांबेल, तो तुमच्या बॉक्सचा खरा आकडा. तो अपेक्षेपेक्षा वर आला तर पोर्ट लांबवा, खाली आला तर कापा, आणि सबसॉनिक फिल्टर परत चालू करून नव्या आकड्याखाली आणा.