आइसलंडमध्ये घर नसलेला आइसलंड कुरव

उत्तरायणाची संध्याकाळ. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर मांजा गुंडाळत होतो, तेवढ्यात पुतणीचा फोटो आला. ती कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स गावी शिकते. इथे साडेपाच वाजले होते, म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेआठ. अर्धवट गोठलेल्या तळ्याकाठी एक पांढुरका कुरव, म्हणजे सीगल, बसलेला, आणि खाली प्रश्न: ‘काका, वढवाण्याला दाखवला होतात तोच का हा?’

डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात येतो तो तपकिरी डोक्याचा कुरव. तो येतो लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडून. थंडीत त्याच्या डोक्याची तपकिरी टोपी उतरते, कानामागे एक काळसर डाग तेवढा उरतो. पण पंखांची टोकं बाराही महिने काळी, त्यात पांढरे टिकले. पुतणीच्या कुरवाच्या पंखांना काळं टोक नव्हतंच. शिवाय तो आकाराने बराच मोठा. पंख पसरले तर आपल्या घारीच्या तोडीचा.

काळं टोक नसलेला मोठा कुरव अटलांटिकच्या त्या बाजूला दिसला, की मुख्य संशयित दोन: आइसलंड कुरव आणि ग्लॉकस कुरव. दोघंही उत्तर ध्रुवाकडचे, पाय दोघांचेही गुलाबी. प्रौढ झाल्यावर पाठ फिकट राखाडी, चोच पिवळी आणि खालच्या चोचीवर लाल ठिपका. रंग पाहत बसलात तर दिवस जाईल. मी आधी बांधा पाहतो. ग्लॉकस दांडगा, सपाट कपाळाचा, लांब जाड चोचीचा, चेहराच भांडकुदळ. आइसलंड कुरव लहानखुरा, डोकं गोलसर, चोच आखूड, त्यामुळे चेहरा कसा गरीब वाटतो. पण चेहऱ्यावर भिस्त ठेवू नये, मान आखडली की गरीबही दांडगा दिसतो. खरी खूण बसलेल्या पक्ष्याच्या मागच्या टोकाला असते. मिटलेले पंख शेपटीपुढे किती येतात ते पाहायचं आणि चोचीच्या लांबीशी ताडायचं. आइसलंड कुरवाचे पंख चोचीच्या लांबीहून जास्त पुढे येतात, ग्लॉकसचे त्याहून कमी. फोटोतल्या पक्ष्याचे चांगलेच लांब होते.

प्रौढ रूप यायला या कुरवांना साधारण चार वर्षं लागतात. पहिल्या हिवाळ्यातलं पोर अंगभर फिकट बदामी असतं, आणि तिथे चोच कामी येते. ग्लॉकसच्या पोराची चोच गुलाबी आणि टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं, सीमा अगदी रेखीव. आइसलंडच्या पोराची चोच बहुतेक काळपट, बुडाशी हळूहळू फिकी होत गेलेली.

फसगत मात्र उन्हाने होते. पिसातलं मेलॅनिन हे काळं द्रव्य रंगाबरोबर मजबुतीही देतं, म्हणून पिसाचा फिकट भाग आधी झिजतो. हिवाळा सरता सरता दुसऱ्याच एखाद्या जातीचं तपकिरी पोर उन्हाने विटून इतकं पांढरं पडतं, की नवख्याला ‘ध्रुवाकडचा पाहुणा’ सापडल्याचा आनंद होतो. आपल्या किनाऱ्यावर असं पोर दिसलं तर आधी विटलेल्या पिसांचाच संशय घ्यावा.

आता नावाची गंमत. आइसलंड कुरव आइसलंडमध्ये अंडी घालत नाही. त्याची घरटी ग्रीनलंडच्या आणि ईशान्य कॅनडाच्या कड्यांवर. आइसलंडला तो फक्त हिवाळा काढायला येतो. तिथे वीण करतो तो ग्लॉकस! ग्रीनलंडचे काही कुरव थंडीत फेरो बेटं आणि ब्रिटनपर्यंतही उतरतात.

सेंट जॉन्सला हिवाळ्यात येणारे आइसलंड कुरव बहुतांशी कॅनडातल्या बॅफिन बेटाकडचे. त्यांना कुमलिनचा कुरव म्हणतात. १८७७-७८च्या आर्क्टिक मोहिमेवर गेलेल्या लुडविग कुमलिन या निसर्ग-अभ्यासकाचं ते नाव. त्यांच्या पंखटोकांवर राखाडी पट्टे असतात, पण दोन पक्षी सारखे मिळणं मुश्कील: एकाचे जवळजवळ नाहीसे, दुसऱ्याचे चांगले गडद. आणखी पश्चिमेला वीण करून हिवाळ्यात पॅसिफिक किनारा गाठणारा थेयरचा कुरव त्याहून गडद. अमेरिकी पक्षितज्ज्ञांनी १९७३मध्ये त्याला स्वतंत्र जात मानलं आणि २०१७मध्ये पुन्हा आइसलंड कुरवातच मिसळून टाकलं. मला तो निर्णय पटतो; जिथे एकापासून दुसऱ्यापर्यंत छटांची अशी शिडीच लागते, तिथे रेघ कुठे मारणार?

पुतणीला मी पंख उघडलेला फोटो मागितला. फोटोत उजेड जास्त झाला की फिकट राखाडी उडून जातो, म्हणून प्रकाश थोडा कमी करून काढ असंही सांगितलं. तासाभराने आला. पंखांच्या टोकांवर पुसट राखाडी बोटं उमटलेली. कुमलिन! खाली नवा प्रश्न होता, ‘मग हे जाणार कधी?’ वसंतात, बॅफिनकडे. एखाददुसरं पोर उन्हाळ्यातही तिथे रेंगाळलेलं दिसेल, त्याला अजून घरट्याची घाई नसते.